अर्धी तुमची, अर्धी आमची

जबलपुरातल्या मराठी घरांत मुलगी बघायला जाताना हेमलताबाई वडनेरकरांना सोबत नेण्याची पद्धत होती. मुलगी चहाचा ट्रे ठेवून बसली, की हेमलताबाई प्रेमाने म्हणायच्या, "बेटा, ती खिडकी उघडतेस का जरा? उकडून राहिलं." मुलगी उठायची, पडदा सरकवायची, आणि ट्यूबलाइटखाली गोरी दिसणारी मुलगी उन्हात खरी किती आहे, ते हेमलताबाईंना एका नजरेत कळायचं. बाहेर आल्यावर त्या मुलाच्या आईला एवढंच सांगत, "खिडकी छान आहे," किंवा, "खिडकी जरा अंधारी आहे." तेवढ्यावर लग्नं ठरायची आणि तेवढ्यावरच मोडायची. हेमलताबाईंना डिसेंबरातही उकडत असे.

हा मान त्यांना नवऱ्यामुळे मिळाला होता. नीलकंठराव वडनेरकर म्हणजे गोरेपणाचा शेवटचा शब्द. सदरच्या बाजारातून ते छत्री उघडून निघाले, की नवे दुकानदार त्यांच्याशी इंग्रजीत बोलत. कँटोन्मेंटचा एखादा कोवळा जवान चुकून सलाम ठोके, आणि नीलकंठराव तो परत करत नसत असं नाही. नोकरी केली ती सरकारी कारखान्यात, तीही रंगखात्यात, तपासनीस म्हणून. फौजेच्या गाडीवर रंगाचा एवढासा फुगा दिसला तरी गाडी परत. अशा माणसाच्या बायकोने लोकांच्या मुलींचा रंग तपासावा, यात मराठी मंडळाला काही वावगं वाटलं नाही.

खरी गोष्ट अशी, की नीलकंठराव जन्मले तेव्हा दोनदा उकळलेल्या चहाच्या रंगाचे होते. वर्ध्याजवळच्या त्यांच्या गावात त्यांना सगळे 'काळ्या' म्हणत, तेही लाडाने. ऐन तरुणपणी ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका आला. मग बोटांवर, मग गुडघ्यांवर. कोड. वैद्य झाले, डॉक्टर झाले, काकांनी सांगितलेले उपास झाले. कोड काही ऐकेना. आणि मग त्याने ते केलं जे कोड फार क्वचित करतं: घेतलेलं काम अर्धवट न टाकता पुरं केलं. माणूस नखशिखांत पांढरा झाला. राहिला फक्त छातीवर डावीकडे एक पुरीएवढा तुकडा, मूळच्या रंगाचा. त्याच सुमारास जबलपूरची नोकरी लागली आणि नव्या गावात काळ्याला ओळखणारं कोणी उरलं नाही.

हेमलताबाईंना हे लग्नानंतर कळलं. दुसरी कोणी असती तर माहेरी निघून गेली असती. हेमलताबाई बाजारात गेल्या आणि नवऱ्यासाठी गळ्यापर्यंतच्या बंड्या शिवून घेऊन आल्या. तेव्हापासून नीलकंठरावांनी बंडी चारचौघांत काढली नव्हती. ग्वारीघाटावर नर्मदेत डुबकी मारायची तीही बंडीसकट. कोणी विचारलं तर म्हणत, "मैयासमोर उघड्या अंगाने जाणं बरं दिसत नाही." लोकांना ही भक्ती वाटे.

पुढे मात्र परतीची वाट राहिली नाही. कोडाच्या घरात कोणी मुलगी देत नाही की त्या घरची करत नाही, हे हेमलताबाईंइतकं कोणाला ठाऊक असणार? दोन स्थळं त्यांनी स्वतःच त्या कारणावरून मोडली होती. हे गुपित फुटलं असतं तर ज्या ज्या घरची खिडकी त्यांनी अंधारी ठरवली होती, ती ती घरं रांगेने हिशेब मागायला आली असती. नीलकंठराव रात्रीसुद्धा गळ्याचं बटण लावून झोपत.

त्यांच्या मुलाने, आल्हादने, बायको स्वतःच शोधली. प्रणोती सावळी होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं, हे हेमलताबाईंना जास्त लागलं. तिची आई विभावरीबाई दीक्षितपुऱ्यातली. रेल्वेच्या तिकीट-खिडकीवर जन्म काढून निवृत्त झालेली बाई. बघायला आल्यावर हेमलताबाईंनी प्रणोतीलाही खिडकी उघडायला सांगितली, त्यामागचा हेतू तिला जागच्या जागी कळला होता. ती तेव्हा काही बोलली नाही. तिकीट-खिडकीवरची माणसं रांग संपेपर्यंत थांबू शकतात.

मग प्रणोतीला सातव्या महिन्यातच कळा आल्या. घाईने ऑपरेशन झालं आणि मुलगी जन्मली ती दोन तळहातांत मावेल एवढी. त्वचा इतकी पातळ, की आतल्या शिरा दिसाव्यात. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आत एका वेळी एकच माणूस, हात धुऊन, गाऊन घालून, आणि कशाला हात न लावता.

वडनेरकरांकडून पहिले नीलकंठराव गेले. बाळ उजव्या कुशीवर झोपलं होतं. ते वाकले आणि तसेच राहिले. कपाळाच्या मधोमध, नाकावरून, बेंबीपर्यंत एक सरळ रेघ. रेघेच्या वरची डावी बाजू पांढरी फटक. खालची उजवी लालबुंद. कारखान्यात दोन रंगांची गाडी रंगवताना मध्ये चिकटपट्टी लावत, ती काढल्यावर जशी धार निघे तशी धार.

आलं, नीलकंठराव मनात म्हणाले. माझं तिच्यात उतरलं. मला निदान बावीस वर्षं सवड दिली होती. हिला बावीस तासही नाहीत.

बाहेर बाकावर दोन्ही घरं वाट बघत बसली होती. घाबरलेला माणूस गप्प तरी बसतो किंवा फुशारकी तरी मारतो. नीलकंठरावांना गप्प बसण्याची सवय हेमलताबाईंनी राहू दिली नव्हती.

"डावी बाजू आपल्यावर गेली," ते म्हणाले. "शुद्ध वडनेरकर."

"अर्धीच?" हेमलताबाईंनी विचारलं.

"अर्धी लाल आहे. ती कोणाकडून आली ते मी काय सांगू."

विभावरीबाई उठल्या, हात धुतले, आत गेल्या. तोवर नर्सने बाळाची कूस बदलली होती. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

"व्याहीबुवा, डावी कोणती ते माहीत आहे ना? घड्याळ बांधता ती."

"काहून?"

"डावी लाल आहे. पांढरी उजवी आहे. मी आत्ता पाहून आली."

"तुमचा चष्मा बदला."

"चष्मा नवाच आहे. डोळे तुमचे जुने झाले."

"अहो, जन्म गेला माझा रंगखात्यात."

"ट्रकच्या. ही पोरगी आहे."

त्यानंतर जे भांडण झालं ते पुढे पुष्कळ दिवस त्या दवाखान्यात सांगितलं जाई. गोरा अर्धा दोघांनाही आपलाच हवा होता आणि लाल अर्धा दोघेही एकमेकांकडे ढकलत होते. जमिनीची वाटणी करताना भाऊ जसे बांधावरून भांडतात, तशी त्या बाळाच्या नाकावरून हद्द मोजली जात होती. नीलकंठराव सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते, आणि आतून नर्मदामैयाला विनवत होते, की तो पांढरा अर्धा माझा नसू दे.

पाटणहून हेमलताबाईंच्या बहिणीचा, अंजनीमावशींचा, फोन आला. अंजनीमावशींकडे प्रत्येक दुखण्याचं कारण तयार असे.

"प्रणोतीला विचार, दोन रंगांचं आइस्क्रीम खाल्लं होतं का?"

हेमलताबाई फोन घेऊन वॉर्डात गेल्या. ऑपरेशननंतर प्रणोती तापाने फणफणली होती. तिने डोळे न उघडता सांगितलं, "हो. सदरला. अर्धं तुमच्या मुलाने खाल्लं."

"झालं तं मग," मावशी पाटणहून म्हणाल्या. "काही फिकीर नाही. घरी आली की मी येते. बेसन, साय, हळद. आठवडाभर रगडली की एकसारखी होते."

शेवटी आवाज ऐकून डॉक्टर श्रद्धा तिवारी बाहेर आल्या. त्या हिंदीत बोलल्या, हळू बोलल्या, आणि नियम बाजूला ठेवून दोन्ही बाजूंना आत काचेपाशी घेऊन गेल्या. बाळ पाठीवर होतं. एकसारखं गुलाबी, कुठे रेघ नाही. डॉक्टरांनी त्याला अलगद कुशीवर केलं. सगळे थांबले. हळूहळू खालची बाजू लाल झाली, वरची फिकी पडली, मध्ये रेघ उमटली. मग दुसऱ्या कुशीवर केलं. रंगांनी जागा बदलल्या.

याला हार्लेक्विन कलर चेंज म्हणतात, डॉक्टर म्हणाल्या. अर्ध्या अर्ध्या रंगाचे कपडे घालणारा जुन्या काळचा विदूषक असतो, त्याच्यावरून. दिवसांआधी आलेल्या बाळांत कधीतरी दिसतो. रक्तवाहिन्यांना अजून शिस्त लागलेली नसते, रक्त खालच्या बाजूला साचतं. थोड्या वेळाने आपोआप जातो. त्रास नाही, दुखणं नाही.

"म्हणजे दोघांचंही बरोबर?" हेमलताबाईंनी विचारलं.

"दोनों का," डॉक्टर म्हणाल्या.

दोन्ही घरांचे चेहरे पडले. आपण चुकलो असतो तरी चाललं असतं. समोरचाही बरोबर निघावा, हे कोणालाच सोसेना.

"और दवाई?" विभावरीबाईंनी विचारलं.

"कुछ नहीं."

"तेल? बेसन?"

डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदा बदलला. या बाळाची कातडी म्हणजे ओला कागद आहे, त्या म्हणाल्या. रगडलंत तर फाटेल, फाटली तर जंतू आत जातील, आणि मग मी काही करू शकणार नाही. महिनोन् महिने काहीही चोळायचं नाही.

सगळे पांगल्यावर नीलकंठराव छत्री चाचपत मागे रेंगाळले. "डॉक्टरसाहेब, मेरे एक दोस्त हैं," त्यांनी घसा साफ केला. "उनको सफेद दाग है. तो उनकी पोती को..."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मे महिन्यात गळ्यापर्यंत लावलेलं बटण पाहिलं, कलप लावलेल्या भुवयांची पांढरी मुळं पाहिली.

"अपने दोस्त से कहिए, ये वो नहीं है. और वो छूने से किसी को नहीं लगता. वैसे आप खाली बैठे हैं तो एक काम कीजिए."

काम असं होतं. पेटीची ऊब मिळत होती, पण बाळाला माणसाच्या अंगाची ऊब हवी होती. दिवसातून काही तास, उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून. कांगारू पिल्लाला धरते तसं. त्याने बाळाचा श्वास स्थिर राहतो, वजन धरतं. आईनेच करायचं, पण आई तापात. आल्हाद आणि हेमलताबाई एका लग्नात रात्री कुल्फी खाऊन आले होते आणि दोघेही खोकत होते. त्यांना दारातूनच परत पाठवलं. राहिल्या विभावरीबाई आणि नीलकंठराव.

विभावरीबाईंनी सकाळची पाळी घेतली आणि दुपारी दोन्ही घरांच्या ग्रुपवर फोटो टाकला. त्यांच्या सावळ्या गळ्याखाली बाळाचं मुठीएवढं डोकं. खाली लिहिलं होतं, 'दीक्षितपुऱ्याची ऊब.'

हेमलताबाई खोकत खोकत म्हणाल्या, "तुम्ही जायचं नाही. पाठ धरली म्हणून सांगा."

"पोरीचं वजन उतरून राहिलं, हेमा."

"नर्स बघतील. तुम्ही शर्ट काढला तं काय काय उघडं पडेल, समजते ना? माझं तोंड राहील का मंडळात?"

नीलकंठरावांनी पाठ धरल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही पाठ धरलेलीच होती. बाळाचं वजन आणखी थोडं उतरलं. संध्याकाळी विभावरीबाईंचा फोन आला.

"व्याहीबुवा, मी एकटी दिवसभर किती बसू? माझीही कंबर आहे. शर्ट काढला तं रंग उतरते काय तुमचा?"

त्या सहज बोलल्या होत्या. नीलकंठरावांनी मात्र फोन ठेवला आणि सकाळी हेमलताबाई अंघोळीला गेल्या असताना छत्री घेऊन निघून गेले.

दवाखान्यातल्या त्या खोलीत एसी होता, पडदे ओढलेले होते, अंधुक होतं. नीलकंठरावांना हायसं वाटलं. भिंतीकडे तोंड करून त्यांनी शर्ट काढला, मग बंडी. विभावरीबाई पलीकडच्या खुर्चीत बाळाला घेऊन बसल्या होत्या. त्या पांढऱ्या पाठीकडे त्यांनी पाहिलं, आणि जुना हिशेब त्यांना आठवला.

"सिस्टर," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "ती खिडकी उघडता का जरा? उकडून राहिलं."

सिस्टर मोना बिचारी नवी होती. तिने एसीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि पडदा सरकवला. जबलपूरचं मे महिन्याचं ऊन खोलीत आलं. सिस्टरने नीलकंठरावांना खांद्याला धरून वळवलं, खुर्चीत बसवलं, आणि विभावरीबाईंकडून बाळ घेऊन त्यांच्या छातीवर ठेवलं. बाळाचा गाल नेमका त्या पुरीएवढ्या तुकड्यावर आला.

विभावरीबाई बघत राहिल्या. तिकीट-खिडकीत फाटकी नोट किती वेळ लपते? त्या तुकड्याची कड त्यांनी पाहिली, भोवतालची पांढरी कातडी पाहिली.

"हा डाग कधीचा?"

"जन्माचा," नीलकंठराव म्हणाले.

"आणि बाकीचे तुम्ही?"

नीलकंठरावांनी खाली पाहिलं. बाळ मुठी वळून झोपलं होतं. मोठा श्वास घेतला तर ते उठेल, म्हणून त्यांनी लहानच घेतला.

"बाकीचा नंतर झालो."

"विहीणबाईंना माहीत आहे?"

"बंड्या त्याच शिवून आणतात."

विभावरीबाईंनी तोंडावर पदर घेतला. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या इतक्या हसल्या, की सिस्टरने येऊन पाण्याचा ग्लास दिला. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले.

"सांगाल सगळ्यांना," नीलकंठराव म्हणाले.

"काहून सांगू जी? सांगितलं तं एका दिवसात संपते. नाही सांगितलं तं जन्मभर पुरते."

आणि त्यांनी ते पुरवलं. नीलकंठराव रोज दुपारी जात, बंडी खुंटीला टांगत, बाळाला छातीवर घेऊन बसत. बाळ वजन धरू लागलं, मग रेघ दिसेनाशी झाली, मग ते घरी आलं. हेमलताबाईंनी रंगाचा विषय काढला, की विभावरीबाई म्हणत, "पंखा लावा, व्याहीबुवांना उकडते." हेमलताबाईंना पहिल्याच वेळी कळलं. त्या दिवसापासून वडनेरकरांच्या घरात रंगाचं नाव निघेना. प्रणोतीला आपली सासू अचानक सुधारली असं वाटलं, आणि तिने त्याचं श्रेय आल्हादला दिलं.

पण बारशाचा दिवस आला. मंडळाच्या बायका आल्या, पाळणा सजला, आणि इतक्या दिवसांनी हेमलताबाईंना आपली गादी दिसली. त्यात अंजनीमावशी पाटणहून परात घेऊन हजर. परातीत बेसन, साय आणि हळदीचा मोठा गोळा.

"डॉक्टरांनी नाही म्हटलंय," प्रणोती बाळाला घट्ट धरत म्हणाली.

"डॉक्टर कालच्या पोरी," हेमलताबाई मंडळाकडे बघून म्हणाल्या. "माझ्या हाताखालून किती लेकरं उजळली. वडनेरकरांचं रक्त आहे. वरचं जरा घासलं, की खाली गोरंच निघते. आण इकडे."

"विहीणबाई," विभावरीबाई म्हणाल्या, "पंखा—"

"सुरूच आहे पंखा." हेमलताबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. इतक्या बायकांसमोर ही बोलणार नाही, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो कदाचित बरोबरही निघाला असता. त्यांनी बाळाला प्रणोतीच्या हातातून घेतलं आणि झबल्याचा बंद सोडला. मावशींनी गोळ्याचा लचका तोडला.

नीलकंठराव दारात उभे होते. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषाने जायचं नसतं. ते आत गेले. भर हॉलमध्ये उभे राहून त्यांनी गळ्याचं बटण काढलं, मग बाकीची. शर्ट खुर्चीवर ठेवला. बंडी डोक्यावरून काढली आणि घडी करून शर्टावर ठेवली. मग बायकोच्या हातातून बाळ घेतलं आणि रोजच्या जागी छातीवर धरलं. बाळाने गाल टेकवायच्या आधी तो तुकडा सगळ्यांनी पाहिला.

पहिल्या सावरल्या त्या अंजनीमावशी.

"अगबाई, भाऊजी, एवढाच डाग राहिला की तुमचा," त्या कळवळून म्हणाल्या. "थांबा, बेसन भरपूर आहे."

"तो डाग नाही, मावशी," नीलकंठराव म्हणाले. "तेवढाच मी आहे. बाकीचं कोड."

हे समजायला मंडळाला थोडा वेळ लागला. मग एकेकीच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं. ज्यांच्या मुलींच्या खिडक्या अंधाऱ्या ठरल्या होत्या, त्या मान वळवून हेमलताबाईंकडे बघू लागल्या. कोणी हातातली घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. एकीला दूधवाला आठवला. दुसरीला उकडायला लागलं.

"बसा हो," विभावरीबाई म्हणाल्या. "चिकटत नाही ते. चिकटत असतं तं तुम्ही फुकट गोऱ्या झाल्या असत्या."

तरी अर्ध्याअधिक गेल्या. हेमलताबाई पाळण्याची दोरी धरून खाली बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. विचार करत होत्या. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"बंडी घाला. सर्दी होईल."

"हिला ऊब लागते," नीलकंठराव म्हणाले आणि तसेच पाळण्याजवळ बसले.

प्रणोतीने बाळाचं नाव अवंती ठेवलं. पाळणा राहिलेल्या बायकांनीच म्हटला, जरा बेसूर. विभावरीबाईंनी परात उचलून स्वयंपाकघरात नेली, गोळ्यात कांदा, तिखट, मीठ घातलं आणि तेल तापत ठेवलं. सायीमुळे भजी जरा मऊ झाली. पण अंजनीमावशींनी दोनदा मागून घेतली.